पाचवी पीन

५ जानेवारी

खिळ्या दुकानात शिरला तेव्हा मी बॉयलरच्या दाबमापकाचा काटा उचलत होतो. काटा उचलताना माझ्याशी बोलायचं नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, खिळ्याला नाही. दादाबरोबर तो नौदलाच्या हवाई शाखेत होता. बावीस वर्षं विमानांच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकले, त्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही आणि बारीक काम हे त्याला कामच वाटत नाही.

"धाकट्या," तो म्हणाला, "पाणसळ पुस्तक लिहितोय."

काटा वाकला.

पाणसळ हे काही त्या माणसाचं नाव नव्हे. भिंतीचा थर समपातळीत आहे का ते बघायला गवंडी बुडबुड्याची पट्टी लावतो, ती पाणसळ. हा इंजिनिअर साहेब हँगरमध्ये आला की आधी भिंतीवरचे फलक सरळ करायचा आणि मग बोलायचा, म्हणून कामगारांनी ठेवलेलं नाव. आता निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली. पुस्तकाचा विषय: शाखेच्या पन्नास वर्षांतले सगळे विमान अपघात, क्रमवार, कारणांसह. एप्रिलमध्ये निवृत्त नौसैनिकांच्या सभागृहात प्रकाशन. मेलेल्यांच्या घरच्यांनाही बोलावणार.

आणि यादी तपासायला त्याला मी हवा आहे. खात्याच्या दप्तरात एकशे नऊ अपघात सापडतात. माझ्या रजिस्टरमध्ये एकशे अठरा आहेत.

विचार करून सांगतो म्हणालो. खिळ्या गेल्यावर नवा काटा कापला, वजन केलं, बसवला. हात हलला नाही. सव्वीस वर्षं ज्याची मान हाताशी यायची वाट बघितली तो आपल्या पायांनी चालत आला, तर माझा हात का हलावा?

६ जानेवारी

ही वही माझ्यानंतर कुणाच्या हाती पडली तर त्याला अर्धवट कळायला नको, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर मी नववीत शाळा सोडली. दादा शाखेत लागला आणि त्याने मला पोसलं. रद्दीत निघालेली यंत्रांची पुस्तकं तो घरी आणायचा. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वाचली. मापयंत्रांची दुरुस्ती मला कुणी शिकवलेली नाही. आज तीन कारखान्यांचे इंजिनिअर आपले मापक माझ्याकडे पाठवतात आणि मी सांगितलेला आकडा खाली मान घालून लिहून घेतात.

दादाचं काम खुर्चीचं. लढाऊ विमानात वैमानिकाच्या खुर्चीखाली अग्निबाण असतो. विमान हातचं गेलं की वैमानिक मूठ ओढतो आणि खुर्ची त्याला घेऊन बाहेर उडते. जमिनीवर ती चुकून उडू नये म्हणून तिला पाच पिना लावतात, प्रत्येकीला लाल फीत. उड्डाणाआधी खुर्चीवाला पाचही पिना काढतो, हातात पंख्यासारख्या धरून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक मोजतो आणि अंगठा वर करतो. चार पिनांच्या जागा वैमानिकाला बसल्या जागी दिसतात. पाचवीची त्याच्या डोक्यामागे असते.

अपघात क्रमांक ६१. अकरा ऑगस्ट, सकाळी दहा चाळीस. धावपट्टी सोडताच इंजिन बंद पडलं. वैमानिकाने मूठ ओढली. खुर्ची हलली नाही. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर विमान समुद्रात गेलं. तिसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी सांगाडा वर आणला, तेव्हा पाचवी पीन जागेवर होती.

दादाने जबाब दिला की पाच पिना काढल्या, पाच मोजल्या, पाच दाखवल्या, अंगठा मिळाला. जबाब लिहायला मी मदत केली. त्याची वाक्यं लांबायची. खुर्ची उडू नये म्हणून सांगाडा उचलण्याआधी पाणबुडेच पीन लावतात, हा मुद्दा माझा. रद्दीतल्या एका पुस्तकात होता, पान दोनशे चौदा.

चौकशीचा अध्यक्ष पाणसळ. निकाल असा: 'कारण निश्चित करता आले नाही. देखभालीतील चुकीची शक्यता नाकारता येत नाही.'

शिक्षा नाही. दादाला फक्त खुर्च्यांवरून काढून भांडारात बसवलं. दोषी ठरवला असता तर वर दाद मागता आली असती. निर्दोष ठरवला असता तर ताठ मानेनं चालता आलं असतं. पाणसळने त्याला मधल्यामध्ये टांगून ठेवला. दादा त्यानंतर साडेतीन वर्षं जगला. डॉक्टरने कागदावर यकृत लिहिलं. मी रजिस्टरमध्ये ते वाक्य लिहिलं आहे.

मी त्याला मदत करणार. सगळं तपासून देणार, फक्त ६१ ला हात लावणार नाही. ते वाक्य त्याच्या नावाखाली छापून येऊ दे. मग भर सभेत उभा राहीन.

१४ जानेवारी

पाणसळच्या घरी गेलो. दुसरा मजला, जिन्याला सतरा पायऱ्या. खोलीत विमानांची चित्रं, सगळी एका रेषेत. माणूस मात्र रेषेत राहिलेला नाही. पाठीला पोक आलं आहे आणि कप उचलताना दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागतं. मला त्याने स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला. असल्या नाटकांना मी भुलत नाही.

रजिस्टर त्याने दीड तास चाळलं. "हे एकट्यानं केलंत?" असं विचारलं. मी म्हणालो, एकट्यानं. "शिक्षण?" नववी. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला की खात्यात चार माणसं नेमूनही हे झालं नसतं. खोटं का लिहू, बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच राग आला.

किती वर्षं चाललंय, असं त्याने विचारलं. सव्वीस, मी म्हणालो. त्यावर तो कागद नीट लावत बसला. मी कोणाचा भाऊ हे त्याला कळलेलं नाही. आमचं आडनाव तसं बऱ्याच जणांचं असतं.

२ फेब्रुवारी

प्रुफं आली. पहिल्या चाळीस पानांत तेवीस चुका. एकोणीस दुरुस्त केल्या. चार मुद्दाम ठेवल्या. क्रमांक ९ ची वेळ सात दहा आहे, त्याने सात चाळीस लिहिली आहे. बाकीच्या तीन इथे लिहीत नाही, पाठ आहेत. सभेत आधी या चार बाहेर काढायच्या. ज्याला वेळ नीट लिहिता येत नाही त्याने माणसाचा न्याय कसा केला असेल, हे लोकांनी आपण होऊन विचारायला हवं.

चूक दिसत असताना पान उलटणं हे भयंकर काम आहे. दाढ दुखत असताना हसण्यासारखं. दोनदा पेन्सिल उचलली आणि ठेवली. ही म्हणाली, "अहो, पेन्सिल चावताय. जेवायचं ताट वाढलंय, लाकूड कशाला?" मी हिला बेत सांगितला. ही म्हणाली, म्हाताऱ्याला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सात दहा आणि सात चाळीसवरून फाशी देणार का? बायकांना तपशिलाचं महत्त्व कळत नाही असं मी म्हणालो. त्यावर हिने गेल्या पंधरवड्यात मी दुकानातून किती वाजता घरी आलो ते तारीखवार सांगितलं.

१० फेब्रुवारी

बाईंचं पत्र. बाई म्हणजे क्रमांक ६७ च्या बहीण. शाळेत शिकवतात. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या भावाच्या अपघाताची माहिती मागायला मी पत्र लिहिलं, तेव्हापासून जुनी कात्रणं शोधून पाठवत असतात. रजिस्टरमधल्या किमान तीस नोंदी त्यांच्यामुळे पुऱ्या झाल्या. मला भाऊ म्हणतात. पत्राखाली 'आपली धाकटी बहीण' लिहितात.

लिहितात: भाऊ, प्रकाशनाला मी येणार आहे. तुमचं नाव पुस्तकात असेल ना? माझ्या भावाविषयी निदान तुमच्याकडे खरं लिहिलेलं आहे, याचा मला आधार वाटतो.

क्रमांक ६७: नऊ ऑक्टोबर, म्हणजे ६१ नंतर चौदा महिन्यांनी, दुसऱ्या तळावर. दोन आसनांचं विमान, इंजिनाला आग. पुढचा वैमानिक सुटला. मागच्या खुर्चीवर बाईंचा भाऊ, वय तेवीस. खुर्ची उडाली नाही. पाचवी पीन आत होती. तिथल्या खुर्चीवाल्याने त्याच संध्याकाळी कबूल केलं की त्याच्या खिशात एक जादा पीन असायची, घाईत चार काढल्या आणि खिशातली मिसळून पाच दाखवल्या.

जादा पीन त्या काळी सगळेच ठेवायचे. पीन हरवली की तीन अर्ज, अर्धा दिवस आणि साहेबाच्या शिव्या. म्हणून ज्याच्या त्याच्या खिशात एक. ६७ नंतर तीन आठवड्यांत हुकूम निघाला: पाचही पिना एकाच पट्टीला पक्क्या, पट्टीवर खुर्चीचा क्रमांक, सुट्या पिना जमा. दोन तळांवर मिळून एकेचाळीस जादा पिना निघाल्या.

६७ मध्ये जादा पीन होती म्हणून ६१ मध्येही तीच असणार असं म्हणणारे आहेत. हा आळशी तर्क आहे. दोन घड्याळं मागे पडली म्हणून दोन्हींची एकच स्प्रिंग तुटली असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर दुकान बंद करावं लागेल.

बारा ऑक्टोबरला दादाने भांडारातली नोकरी सोडली. पाणसळच्या निकालाने त्याला कसा आतून खाल्ला होता याचा हा पुरावा आहे.

१९ फेब्रुवारी

पाणबुड्या सापडला. सभेत माझा मुद्दा आणि त्याची साक्ष, एवढं पुरेसं होतं. दीड महिना त्याचा माग काढत होतो. खाडीच्या टोकाला होड्यांच्या तळांना डांबर लावतो. वय सत्तरच्या पुढे, कान एकच चालतो. त्याच्या चालत्या कानात ओरडून विचारलं की ६१ चा सांगाडा उचलताना पाचवी पीन तुम्ही लावलीत ना?

म्हणाला, पिना आम्ही नेल्या होत्या. चार लावल्या. पाचवी लावायला गेलो तर भोक भरलेलं. "आधीच होती ना ती," म्हणाला. "फितीला शेवाळ लागलं होतं. उरलेली मी परत आणून दिली."

कुणाला परत दिली, विचारलं. चौकशीच्या साहेबाला, म्हणाला. मग मला डांबराचा ब्रश धरायला देऊन दोरी आणायला गेला. माझ्या शर्टावर डाग पडला आहे.

२० फेब्रुवारी

एका कानाचा माणूस. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन दिवसांत फितीला शेवाळ लागतं का, हेही बघायला हवं. त्याच्यावर विसंबता येत नाही. सभेत त्याचा उल्लेख करणार नाही.

२३ फेब्रुवारी

फीत समुद्राच्या पाण्यात घालून बरणी दुकानाच्या खिडकीत ठेवली होती. तिसऱ्या दिवशी हाताला बुळबुळीत लागली. बरणी ओतून दिली.

८ मार्च

वहिनींकडे गेलो. दादा गेल्यापासून त्या शाळांचे गणवेश शिवतात. खोलीभर निळे तुकडे, यंत्रावर एक बाही अर्धवट. मी आमंत्रण दिलं. पहिल्या रांगेत बसा, म्हणालो. दादाला टांगणाऱ्याला मी तुमच्यासमोर खाली उतरवणार आहे.

त्यांनी पाय थांबवला नाही. यंत्र चालूच. म्हणाल्या, त्यांचं नाव आता कोण काढतं? मी म्हणालो, म्हणून तर. एकशे अठरा अपघात, त्यातले साठ तरी माणसाच्या चुकीचे, आणि त्या सगळ्यांत 'शक्यता नाकारता येत नाही' ही मेहेरबानी फक्त आपल्या घरावर. त्या म्हणाल्या, मेहेरबानीच होती ती, भाऊजी. मला राग आला. तुमच्यासाठीच हे सव्वीस वर्षं करतोय असं मी बोलून गेलो.

तेव्हा यंत्र थांबलं.

"तेव्हा त्यांना बोलू दिलं नाहीत," वहिनी म्हणाल्या, "आता त्यांच्या नावानं बोलताय."

मग बाही उलटी करून टाके बघू लागल्या. दमल्या आहेत. दिवसाला अकरा गणवेश शिवणाऱ्या माणसाच्या बोलण्याचा अर्थ काढत बसू नये. जिना उतरताना खिळ्या भेटला. त्यांचं दळण आणून देतो म्हणे. मला बघून नेहमीसारखा ओरडला नाही.

२९ मार्च

शेवटची प्रुफं परत दिली. ६१ च्या पानावर पाणसळने पेन्सिलीने कडेला एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं, दुसरं काही नाही. मला विचारत होता की स्वतःला, कळलं नाही. मी खोडलं. पान स्वच्छ छापू दे.

ही म्हणते, झोपेत बोटं मोजता. किती, विचारलं. म्हणाली, चारावर थांबता.

१२ एप्रिल

झालं. आज लिहिता येत नाही.

१३ एप्रिल

क्रमाने लिहितो.

सभा चारची. सभागृहात खुर्च्या एकशे ऐंशी, माणसं त्याहून जास्त. मागे भिंतीला लागून उभी. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. फोटोवरून ओळखल्या. त्यांनी आपणहून येऊन वाकून नमस्कार केला आणि पुस्तकात माझं नाव असलेलं पान उघडून दाखवलं. वहिनी दिसल्या नाहीत. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची मी रुमाल ठेवून अडवली होती.

पाणसळ बसूनच बोलला. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, म्हणाला. मी उभा राहिलो. चार चुका एकामागून एक काढल्या, पान आणि ओळीसह. सभेत चुळबुळ झाली. पुढचा एक निवृत्त अधिकारी मागे वळून म्हणाला की प्रुफं तर यांनीच तपासली ना? पाणसळने चारही चुका कापऱ्या हाताने लिहून घेतल्या आणि आभार मानले. एवढा वेळ लागला की माझी तापलेली वाक्यं निवायला लागली.

मग मी ६१ काढला. ते वाक्य वाचून दाखवलं. त्या वाक्याखाली दबून मेलेला माणूस माझा भाऊ, हे सांगितलं. आधीच्या अपघातांची उदाहरणं दिली, पान दोनशे चौदा सांगितलं. नाकारता येत नाही म्हणजे कुणाला येत नाही, असं विचारलं. ज्याला सिद्ध करता येत नाही त्याने मेलेल्या माणसावर शाई शिंपडू नये, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. मागून जास्त पडल्या. तिथे जुने कामगार होते.

पाणसळने टाळ्या थांबू दिल्या.

"तुम्ही कोण ते मला जानेवारीतच माहीत होतं," तो म्हणाला. "तुमच्या दादांचा जबाब मला अजून आठवतो. एकवीस ओळी. दिवसभर शोधली, एक फट सापडली नाही. कामगार खरं सांगतानाही कुठेतरी अडखळतो. हा कुठेच अडखळला नव्हता. कोणी लिहिला होता?"

मी वाट बघायला हवी होती. नाही बघितली. दोनशे माणसांसमोर एक इंजिनिअर म्हणत होता की एक फट सापडली नाही.

"मी," म्हणालो. "मीच लिहिला."

छाती पुढे काढून म्हणालो, हेही लिहायला हवं.

त्याने मान हलवली आणि पुढचं सांगितलं. सांगाड्यातली पाचवी पीन आणि पाणबुड्याने परत दिलेली उरलेली पीन, दोन्ही त्याच्या टेबलावर होत्या. काय झालं असणार ते त्याला दिसत होतं. एक पट्टी, पाच पिना, सुट्या पिना जमा करा, अशी शिफारस त्याने त्याच आठवड्यात लिहिली. ती वरून परत आली. जबाबात जादा पिनेचं नावच नाही, कारण निश्चित नाही, मग सगळ्या तळांचे खिसे कशाच्या जोरावर तपासायचे?

"मी ती पुन्हा पाठवायला हवी होती," तो म्हणाला. "नाही पाठवली. माझं बढतीचं वर्ष होतं. हे पुस्तकात लिहायचा धीर झाला नाही."

तो माझ्या हातात होता. स्वतःच्या तोंडाने, भर सभेत. यासाठीच मी आलो होतो. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिसऱ्या रांगेत बाई उभ्या राहिल्या. त्यांनी पाणसळकडे बघितलंच नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "खिशातल्या पिनेचं तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसा.

"आठवत नाही," मी म्हणालो.

क्रमांक ९ ची वेळ सात दहा होती हे मी पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी हसलं नाही.

"मला आठवतं."

वहिनी. मागच्या भिंतीजवळ, खिळ्याच्या शेजारी उभ्या होत्या. मला न सांगता त्याच्याबरोबर आल्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या, आणि मला नव्हे, बाईंना सांगितलं. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात, त्या चहा गाळत होत्या. हे म्हणाले, खिशातली पीन सापडत नाही, मी तीच दाखवली असणार. भाऊजी म्हणाले, असणार म्हणजे काय? बघितलंस का? नाही ना? मग ते लिहायचं नाही. हे म्हणाले, पण दुसऱ्या तळावरही सगळ्यांच्या खिशात असते, सांगायला हवं. भाऊजी म्हणाले, तुझा जबाब तुझ्यापुरता.

"नऊ ऑक्टोबरची बातमी त्यांनी भांडारात ऐकली," वहिनी म्हणाल्या. "घरी आले ते परत गेले नाहीत. त्या चौकशीचं त्यांना काही नव्हतं. तुमच्या भावाचं होतं."

बाईंनी पिशवी उचलली. पुस्तक खुर्चीवरच ठेवलं. खुर्च्यांच्या रांगेतून त्यांना बाहेर जायला लोकांनी पाय आखडून वाट करून दिली, आणि माझ्या जवळून जाताना त्यांनी पदर सावरला, कुठे लागू नये म्हणून.

१७ एप्रिल

दुकान बंद. हिने जेवायला हाक मारली नाही, ताट आणून बाकावर ठेवलं आणि समोर बसून राहिली. मी म्हणालो, तू तरी काही बोल. म्हणाली, तुम्ही खाऊन घ्या.

मी तेव्हा चूक काय सांगितलं? बघितलं नसेल ते लिहायचं नाही. आजही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. हे वाक्य दिवसभर तपासलं. वाक्यात चूक नाही. दादा हो म्हणाला नव्हता. मान खाली घालून त्याने सही केली होती, आणि मी ती सही सरळ आली आहे का ते बघत होतो.

२१ एप्रिल

पाणसळची चिठ्ठी खिळ्याच्या हाती आली. पुस्तकाच्या सगळ्या प्रतींना दुरुस्तीचं पान चिकटवणार आहे. ६१ आणि ६७ पुन्हा लिहा, जे लिहाल त्याखाली मी सही करीन, असं लिहिलं आहे. खिळ्या दारातच उभा राहिला. त्याला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, सगळ्या हँगरला माहीत होतं, धाकट्या. तुला तोंडावर कोण सांगणार? तुझ्या भावाने सांगितलं होतं, त्याला वाईट वाटेल, बोलू नका.

त्याला म्हणजे मला.

२४ एप्रिल

पहिला मसुदा पुरा पाणसळवर होता. चांगला होता. एकही फट नव्हती. फाडला.

दुसरा वहिनींकडे नेला. त्यांनी उभ्यानेच ऐकला. 'मृत मेकॅनिकला संशय होता' असं मी लिहिलं होतं. म्हणाल्या, संशय नव्हता, खात्री होती. बदललं. निघताना विचारलं की मी इथे यायचं की नाही? त्यांनी कापडातल्या टाचण्या वेचल्या, डबीत टाकल्या. "खिळ्याभाऊजींना हल्ली दळण झेपत नाही," म्हणाल्या.

छापायला दिलं ते असं:

'क्रमांक ६१. कारण: खुर्चीवाल्याने चार पिना काढल्या व खिशातील जादा पीन मिळवून पाच दाखवल्या. त्याला याची खात्री होती व त्याला ते सांगायचे होते. त्याचा जबाब त्याच्या धाकट्या भावाने लिहिला. धाकट्या भावाला जादा पिनेची माहिती होती. त्याने ती लिहू दिली नाही.

क्रमांक ६७. कारण: वरीलप्रमाणे जादा पीन. ६१ नंतर सुट्या पिना जमा करण्याची शिफारस झाली होती. धाकट्या भावाने लिहिलेल्या जबाबामुळे ती परत आली. चौकशीच्या अध्यक्षांनी ती पुन्हा पाठवली नाही. ते त्यांच्या बढतीचे वर्ष होते. हा अपघात टळला असता.'

बढतीचं वर्ष गाळलं नाही. सव्वीस वर्षं म्हणत आलो की कुणाला सोडणार नाही. सोडलेलं नाही.

एक प्रत छापखान्यात गेली. दुसरी उद्या सकाळच्या गाडीने बाईंच्या गावी घेऊन जातो आहे. ही म्हणाली, अहो, टपालाने पाठवा, त्या दार उघडणार नाहीत. न उघडोत. शाळा पाचला सुटते, फाटकाशी उभा राहीन. टपालाने गेली तर त्या माझ्यामागे फाडतील. फाडायची असेल तर माझ्यासमोर फाडू देत.